नदीच्या वळणाचं पत्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा लिहितेय.

२०१४ साली ऑकलंडमध्ये मी हेलन नावाच्या ऐंशीच्या बाईंकडे दर मंगळवारी जायचे. त्यांचे पणजोबा इथल्या वसाहतीचे मोठे मंत्री. लंडनच्या एका बँकर मित्राची पणजोबांना आलेली पत्रं सात खोक्यांत होती. ती स्कॅन करायची, यादी करायची, एवढंच माझं काम.

काय दिवस होते ते! हेलन माझी खुर्ची हीटरजवळ ओढून ठेवायच्या. परसातली फिजोआ नावाची हिरवी फळं कापून द्यायच्या. मी सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांतून आलं न्यायचे. चहात आलं घालायला त्या माझ्याकडून शिकल्या. पत्रं त्या मोठ्यानं वाचायच्या — गुलाबाची कलमं, लंडनचं धुकं, कर्जासाठी कुणाला जेवायला बोलवावं याचे सल्ले. आम्ही दोघी हसायचो. आई जाऊन वर्षच झालं होतं मला. त्या घरात मला... जाऊ दे.

एका मंगळवारी त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. मी एकटीनं एक पत्र वाचलं. मित्रानं लिहिलं होतं : ‘तू कळवल्याप्रमाणे नदीच्या वळणाची जमीन माझ्या माणसाच्या नावावर घेतली. रेल्वे तिथून जाणार, हे तिथल्या लोकांना कळायच्या आत झालं ते बरं. अर्धा वाटा तुझा.’

मी ते स्कॅन केलं नाही. घरखर्चाच्या बिलांखाली, तळाशी सरकवलं. का? भिंतीवर पणजोबांचा फोटो होता. हेलन रोज पुसायच्या. तेवढंच होतं का कारण?

पुढच्याच आठवड्यात विरेमू आले. माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी; निवृत्त शिक्षक. ते वळण त्यांच्या पणजीच्या माणसांचं. फसवून घेतलं, असं घरात सगळे सांगत — पण कागद नव्हता. हेलननीच त्यांना बोलावलं होतं.

“जे असेल ते दाखव त्यांना,” त्या मला म्हणाल्या. किती खात्रीनं!

विरेमूंनी टोपी गुडघ्यावर ठेवली. “किया ओरा,” त्यांनी त्यांच्या भाषेत नमस्कार केला. “त्या वळणाबद्दल काही सापडलं का, बाळ?”

“नाही,” मी म्हणाले. “सगळं पाहिलं मी.”

व्हिसाची भीती होती म्हणावं, तर तो केव्हाच मिळाला होता. हेलन रागावल्या असत्या? कदाचित रडल्या असत्या, आणि मग दाखवलंही असतं. मला फक्त ते मंगळवार मोडायचे नव्हते. दोन दिवसांनी विरेमूंनी माझ्यासाठी कुमाराची पिशवी आणून दिली — इथली रताळी. मी ती उकडून खाल्ली.

हेलन दोन वर्षांनी गेल्या. पुतण्यानं खोकी इंग्लंडला नेली. त्या पत्रांचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

२०१८ मध्ये विरेमूंच्या मुलीचा फोन आला. बाबा गेले, म्हणाली. त्यांच्या वहीत माझा नंबर होता. मग म्हणाली, “वळणाच्या जमिनीवर दावा करायचा का, त्या आमच्या बैठकीत त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं — त्या मुलीनं एकेक कागद पाहिलाय, तिथे काही नाही, आता थांबू या. त्यांचा शब्द सगळे मानायचे. थांबले सगळे.”

मी म्हणाले, “फार वाईट वाटलं ऐकून.”

तिनं माझे आभार मानले. मी फोन ठेवला.