तलवारींच्या मालिकेवरचं आमचं भांडण

आमच्या घरात आठवड्याला दोन सुट्ट्या असतात आणि त्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत. नवऱ्याच्या चाकणच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी, आणि मी आकुर्डीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात, म्हणून माझी रविवारची. त्यातून त्याच्या शिफ्ट फिरत्या. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण दोघांनी घरी मिळून काढलेला अख्खा दिवस आठवू म्हटलं तर कुणाचं तरी आजारपणच आठवतं. बाकी आमची गाठ पडते ती जेवणाच्या ताटावर. तिथंही गॅस, पाणी आणि लाइटबिल यांच्यापलीकडे गाडी जात नसे.

ती तलवारींची जपानी ॲनिमे मालिका घरात आली ती त्याच्या मोडलेल्या पायामुळे. जिन्यावरून घसरला, प्लास्टर लागलं, कंपनीला रजा पडली. मी संध्याकाळी घरी आले की आम्ही पलंगावर बसून हिंदीत डब केलेले भाग बघायचो. गोष्ट साधी होती. एक तलवारबाज बाई आपल्या गुरूच्या मारेकऱ्यांना शोधत गावोगाव हिंडते. मी आधी कार्टून म्हणून नाक मुरडलं, आणि मग मलाच चटक लागली. प्लास्टर निघालं तेव्हा मालिका अर्ध्यावर होती. मग ठरलं की मी डबा खाताना भाग बघायचा, त्याने कंपनीच्या बसमध्ये बघायचा, कुणी पुढे जायचं नाही, आणि जेवताना बोलायचं.

आणि आम्ही बोलायला लागलो. मला त्या मालिकेतलं आवडायचं ते म्हणजे तिथं तलवार झिजते. दोन लढाया झाल्या की धारेला खांडे पडतात, मग ती बाई दिवसभर दगडावर पातं घासत बसते आणि तोवर तिची कामं अडतात. कामाचं हत्यार असंच असतं. लढाईआधीची शांतताही छान होती. नुसता वारा आणि म्यानातून पातं सुटल्याचा बारीक आवाज. पण पुढे पुढे पाणी घालून वाढवलेली आमटी झाली सगळी. वार करायच्या आधी प्रत्येक जण त्या वाराचं नाव ओरडून सांगणार. म्हणजे समोरच्याने सरकून उभं राहावं. आणि सगळ्यात डोक्यात जायचं ते खलनायकांचं बालपण. गळ्यावर पातं टेकलंय आणि हा आपला सांगतोय की लहानपणी त्याला कसं उपाशी ठेवलं. मी म्हणायचे, मर की एकदाचा, माझी डब्याची सुट्टी संपत आली.

नवरा म्हणायचा, ‘तेच तर मालिकेचं बळ आहे. मारणाऱ्याला कळायला पाहिजे की आपण कुणाला मारतोय.’

या एका वाक्यावर आम्ही किती तरी जेवणं भांडलो. हा माणूस असा विचार करतो हे मला माहीतच नव्हतं. पोळी लाटताना मी मुद्दे जुळवायचे. खरं सांगते, दिवसभर प्रवेशाच्या खिडकीवर डोकं पिकवून घरी येताना मला त्या भांडणाची ओढ लागलेली असायची.

मग खंडेनवमी आली. त्याच्या कंपनीत त्या दिवशी मशीनची पूजा असते आणि घरच्यांनाही बोलावतात. मी सुट्टी टाकून गेले. प्रेसला झेंडूचे हार, पान्यांना हळदकुंकू, सगळीकडे उदबत्तीचा आणि तेलाचा वास. प्रसादाच्या रांगेत त्याच्या विभागातला एक तरुण पुढे आला. मराठवाड्याकडचा, बोलका.

‘वहिनी, तुम्हीच ना त्या तलवारीवाल्या? तुमच्यामुळं मला रोज भाग बघावा लागायलाय. बसमधी दादाला समदी ष्टोरी सांगावी लागती.’

मी हसत विचारलं, ‘आणि कशी वाटते मालिका?’

‘भारी हाय की. लोकं नावं ठेवतेत, पण व्हिलनचं लहानपण दाखवतेत ना, तेच बळ हाय तिचं. मारणाऱ्याला कळाया पायजे, आपण कुणाला मारायलोय.’

हातातला शिऱ्याचा द्रोण तसाच धरून मी उभी राहिले. इतके दिवस मी या पोराशी भांडत होते.

परतताना कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले, नवरा शेजारी. बस फाटकातून बाहेर पडल्यावर मी म्हटलं, ‘प्लास्टर निघाल्यापासून एक तरी भाग बघितलास का?’

त्याला कळलं. लपवालपवी केली नाही. ‘बसलं की डोळा लागतो गं. सुरुवातीचं गाणंसुद्धा पुरं होत नाही. तू इतक्या उत्साहाने बोलतेस, तुला काय सांगू झोपलो म्हणून? मग उतरायच्या आधी त्याला विचारून घ्यायचो.’

मला राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. आमच्यात बोलायला काहीतरी उरलंय, या समजुतीवर मी दिवस काढत होते. मी म्हटलं, ‘मग तुला स्वतःला त्या मालिकेतलं काही आवडलंच नाही?’



‘बसमध्ये एकच भाग पूर्ण बघितला. ती लढून येते आणि देवळाच्या पायरीवर तलवार मांडीवर घेऊन झोपते. माणसं येतात, जातात. संध्याकाळ होते. कुणी उठवत नाही तिला. ते फार आवडलं.’

तो प्रसंग मी बघितलाच नव्हता. काही घडत नाही म्हणून पुढे सरकवला होता. हे त्याला सांगावं, त्या पायरीवर पुढे काय झालं ते त्याच्याकडूनच ऐकावं, म्हणून मी वळले.

बस वाटेतल्या मोशीला पोचायच्या आतच तो झोपला होता, आणि मला अजून त्याच्याशी बोलायचं होतं.