हनीफभाईंची पांढरी गाडी

पहिल्याच भेटीत हनीफभाईंनी मला कमरेचा पट्टा काढायला लावला. कुवेतमध्ये नऊ वर्षं दुसऱ्यांच्या वापरलेल्या गाड्या चालवून झाल्यावर मी पहिल्यांदा नवीकोरी गाडी घेतली होती आणि एका मित्राच्या सांगण्यावरून ती शोरूममधून थेट शुवैखच्या गॅरेजांच्या गल्लीत नेली होती. गाडीला टेकून ऐटीत उभा होतो. आतून एक उंच, वाळके, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आले. दुआसलाम काही नाही. म्हणाले, "साब, बेल्ट निकालो." मी बघतच राहिलो. त्यांनी आधी माझ्या बकलाकडे आणि मग गाडीच्या दाराकडे बोट दाखवलं. दारावर केसाएवढा बारीक ओरखडा होता. गाडी ताब्यात घेऊन तासही झाला नव्हता आणि तिला पहिली जखम मीच केली होती.

मी तोंडातल्या तोंडात "आयला" म्हणालो, तसे ते हसले. "मग आदी बोलायचं ना मराठी हाय म्हणून," ते म्हणाले. "पन बेल्ट काढाच." मी मुकाट्याने पट्टा काढला आणि पुढचा अर्धा तास एका हाताने पँट धरून त्यांच्या मागेमागे फिरलो.

हनीफभाई रायगडच्या किनाऱ्यावरचे, खाडीकाठच्या एका लहानशा गावचे. मी नांदेडचा. देशात असतो तर आमची गाठ पडायचं काहीच कारण नव्हतं. इथे ते महबूल्यात सहा जणांच्या खोलीत राहत आणि मी शेजारीच फिंतासला बायकामुलीसह. नवीन गाड्या आतून-बाहेरून साफ करून त्यांच्यावर संरक्षक थर चढवायचा, एवढं एकच काम ते एकतीस वर्षं करत होते. स्वतःच्या अंगावर घड्याळ नाही, अंगठी नाही, बटणाचा शर्टसुद्धा नाही. नाडीची सुरवार आणि बनियन. प्रत्येक नव्या फडक्याची शिवलेली पट्टी ते कात्रीने कापून टाकत, कारण तिच्या कडेने रंगावर रेघ उठते. फडकं एकदा जमिनीवर पडलं की ते कायमचं चाकांकडे गेलं. हाताखालच्या बंगाली माणसाने एकदा पडलेलं फडकं नुसतं झटकून पुन्हा घेतलं, तर हनीफभाई त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

माझी गाडी त्यांनी चार दिवस ठेवून घेतली. मी म्हटलं, "अहो, नवीच तर आहे, तिला काय धुवायचं?" त्यांनी मला दिव्याखाली नेऊन बॉनेट दाखवलं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोलगोल रेघाच रेघा होत्या. "नवीन कागदावर," ते म्हणाले. "दोन महिने जहाजात खारं पानी खाल्लं, मग यार्डात उन्हात उभी व्हती, मग शोरूमवाल्यानं गलिच्छ फडक्यानं पुसली. ही नवी नवरी नाय साब, तीन पोरांची आई हाय." मग त्यांनी ती दोनदा धुतली, मातीच्या गोळ्यासारखा मऊ गोळा फिरवून रंगात रुतलेले कण काढले, जाळी घालवली, तोंडाला पारदर्शक फिल्म चिकटवली आणि शेवटी बोटभर कापडाने काचेसारखा थर दिला. तो थर वाळताना गॅरेजमध्ये कोणी शिंकलेलंही त्यांना चालत नसे.

आतल्या सीटांवरून आमच्या घरी भांडण झालं. बायकोला कारखान्यातलं प्लास्टिक सीटांवर तसंच ठेवायचं होतं, निदान दिवाळीपर्यंत. हनीफभाईंनी तिच्या देखत ते टराटरा फाडलं. "वहिनी, पन्नास डिग्रीत हे प्लास्टिक सीटला चिकटतं, खाली घाम धरतो, मग वास. प्लास्टिक शोरूमचं, सीट तुमची. बसा." माझी मुलगी म्हणाली, "पपा, ही इज सो स्ट्रिक्ट." हनीफभाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण ते खूष दिसले.

त्यांचं एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. कुवेतमध्ये धुळीचं वादळ आलं, ज्याला इथे तोज म्हणतात, की दुसऱ्या दिवशी माणसं ऑफिसला जाण्याआधी कोरड्या फडक्याने गाडी पुसायला धावतात. हनीफभाई फोन करून बजावत, "हात लावू नका. धूळ गाडीला मारत नाय. पुसणारा हात मारतो. आदी पानी." मी आळशी माणूस, मला हे तत्त्वज्ञान फार पटलं. तोज आला की गाडी तशीच नेऊन त्यांच्या दारात उभी करायची आणि चहा पीत बसायचं, असा माझा महिन्यातून एखादा गुरुवार ठरून गेला.

त्या चहावर त्यांच्या घरचं कळत गेलं. मूलबाळ नव्हतं. गावी बायको, जैबुन, आणि शेजारच्या घरात पुतण्या नासिर, पस्तिशीचा, मासळीसाठी बर्फ पुरवायचा धंदा करणारा. रजा दोन वर्षांतून दोन महिने. मी एकदा सहज हिशोब केला आणि बोलून गेलो, "हनीफभाई, लग्नाला एकतीस वर्षं आणि संसार अडीच वर्षांचा." ते रागावले नाहीत. म्हणाले, "ती बी तेच बोलते. ती महिने मोजते." जैबुनचाचींचे गुडघे गेले होते. खाडीपलीकडच्या माहेरी जायचं तर त्यांना सहा आसनी रिक्षात कोंबून जावं लागे, म्हणून त्यांनी जाणंच सोडलं होतं. आयुष्यभरात नवऱ्याकडे त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, की कायमचे परत याल तेव्हा मला गाडीतून माहेरी न्या, आणि मग रोज संध्याकाळी कुठेही न्या. अकामा म्हणजे इथे राहायचा परवाना संपला की तो पुढे वाढवायचा नाही, असं हनीफभाईंनी ठरवलं होतं. एक वर्ष राहिलं होतं.

शेवटच्या रजेत त्यांनी लहानशी पांढरी गाडी घेतली. मला रोज फोटो यायचे. फोटोत जैबुनचाची कुठेच नसायच्या, फक्त दार, बॉनेट, डिकीची कड. दोन महिन्यांतले अठरा दिवस ते त्या गाडीवर राबले. सगळं सामान इथून बॅगेत घालून नेलं होतं. चाची ओट्यावर बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "तिकडं बी गाड्याच, इकडं बी गाड्याच. मी गाडी असते तर बरं झालं असतं." हे हनीफभाईंनीच मला हसत सांगितलं. माहेरी मात्र एकदा नेलं. निघताना चाचींच्या पायाखाली वर्तमानपत्र अंथरलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाय वरच धरून बसते, म्हंजे झालं." तरी परत येताना खाडीच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या.

रजा संपल्यावर गाडीला कव्हर घालून ते परत आले. किल्ली नासिरकडे, पण आपल्याला विचारल्याशिवाय गाडी हलवायची नाही, अशी ताकीद. महिन्यातून दोनदा अंगणातच सुरू करायची आणि बंद करायची. मी म्हटलं, "घेतली कशाला मग?" म्हणाले, "ती माझी वाट बघतेय." गाडी की बायको, हे मी विचारलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते एकच होतं.

मे महिन्यातला गुरुवार होता. मी चहाचा कप घेऊन बसलो होतो. नासिरचा व्हिडिओ कॉल आला. "चाचा, चाचीला सकाळपास्नं छातीत जळजळतंय. आता घाम बी आलाय. मोटारसायकलवर बसवत नाय. गाडी काढू का?" हनीफभाई लगेच म्हणाले, "काढ, काढ. विचारतोस काय." नासिर वळला. त्याने कव्हरचं टोक धरलेलं आम्हाला दिसलं. घरासमोर रस्त्याचं काम चाललं होतं आणि कव्हर तांबड्या धुळीने माखलं होतं.

"थांब," हनीफभाई म्हणाले. "सुकं ओढू नको. खाली सगळी जाळी पडंल. आदी पानी."

नासिर शहाणा, आज्ञाधारक माणूस. त्याने मोबाईल खिडकीत टेकवला, पंप चालू केला, नळी आणली. हनीफभाई इथून सांगत होते. चारी बाजू भिजव. आता मागनं गुंडाळ. घासू नको, वर उचल, बायकोला बोलाव, दोघांनी धरा. आता गाडीवर एकदा नुसतं पानी सोड. चित्राच्या कडेला पायरीवर जैबुनचाची बसल्या होत्या, एक हात छातीवर, एक हात जमिनीवर टेकलेला. हनीफभाई म्हणाले, "तिला घाम आलाय ना, सीटवर टॉवेल टाक." मी हसलो. म्हणालो, "हनीफभाई, तुमचं काम आता परदेशातूनही चालू झालं की." तेही हसले. चाचींनी मान वर करून फोनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "होऊ द्या तुमचं." आवाज बारीक होता, पण त्यात राग नव्हता. मला तर तेव्हा ती थट्टाच वाटली.

गाडी स्वच्छ निघाली. हनीफभाईंनी समाधानाने फोन ठेवला आणि माझ्या गाडीच्या चाकांकडे वळले. मी निघायच्या आत नासिरचा पुन्हा फोन आला. तालुक्याच्या वेशीवर, दवाखान्याची पाटी दिसत असताना, चाचींनी मान टाकली होती.

माती दुसऱ्या दिवशी सकाळीच दिली. हनीफभाईंना मिळालेलं विमान दुपारचं होतं, ते त्यांनी रद्द केलं. "आता कुनाचं तोंड बघायला जाऊ," म्हणाले. चौथ्या दिवशी ते कामावर होते. एका नव्या काळ्या जीपवर फिल्म चढवत होते, आणि काम नेहमीसारखंच, एक बुडबुडा नाही. मला वाटलं होतं की त्यांच्या हातून चूक होईल, त्यांना थोडं मोकळं होता येईल. तसं काही झालं नाही. फक्त गिऱ्हाइकाला ते आता काही शिकवत नसत. माणूस पट्ट्यासकट गाडीला टेकून उभा राहिला तरी बघून न बघितल्यासारखं करत.

मी माझ्या परीने समजूत घातली. मोठा झटका होता, दहा मिनिटं आधी पोचून काही झालं नसतं, असं डॉक्टरही म्हणाले ना? हनीफभाई म्हणाले, "डॉक्टर सगळ्यांना तेच बोलतो. नायतर मानसं जगतील कशी?" मग म्हणाले, "नासिर रोज फोन करतो. विचारतो, चाचा, माझा हात धिमा चालला काय? त्याला काय सांगू?" मी खरं सांगतो, त्यानंतर माझे गुरुवार कमी झाले. मला त्यांच्यासमोर बसवेना. मी हसलो होतो, हे ते विसरले असतील का, याचाच मी विचार करत राहायचो.

अकामा संपला तसे ते ठरल्याप्रमाणे कायमचे निघाले. गॅरेजच्या मालकाने आणखी दोन वर्षं थांबा म्हणून सांगून पाहिलं. ज्याच्यासाठी जावं असं तिकडे कोणी नव्हतं आणि थांबावं असं इथे काही नव्हतं, पण तिकीट काढलेलं होतं. सकाळी मीच त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. वाट वाकडी करून बनेद अल-गारला राहणाऱ्या त्यांच्या जुन्या दोस्ताला भेटायचं का, म्हणून विचारलं, तर नको म्हणाले. एकतीस वर्षांचं सामान एका बॅगेत मावलं होतं. पांढऱ्या गाडीचं काय करणार, हे विचारायचं माझ्या जिभेवर होतं, पण धीर झाला नाही.

विमानतळाच्या दारासमोर गाडी लावली. ते उतरले नाहीत. म्हणाले, "साब, त्या दिवशी तुमी तिथं व्हतात. मी किती वेळ बोललो असंन नासिरशी?"

"दोन-तीन मिनिटं," मी म्हणालो. "जास्त नाही." बोलताना मी समोरच्या काचेतून बाहेर बघत होतो.

त्यांनी मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. नासिरचं नाव, ती तारीख, आणि खाली कॉलची वेळ, सतरा मिनिटं.

"तुमी चांगले हाय," ते म्हणाले. मोबाईल बनियनवरच्या सदऱ्याच्या खिशात नीट ठेवला. "आमच्या दारापासनं दवाखान्यापर्यंत पंधरा लागतात."

मग मागच्या सीटवरची बॅग त्यांनी दोन्ही हातांनी वर उचलून, कुठेही न घासता बाहेर काढली आणि आत निघून गेले.