वाळवंटाच्या उजेडात

माझे पती गुरुवारी दुपारी वारले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर घोड्यांच्या पिक्चरांपासून सुरुवात करावी लागते.

सत्तरच्या दशकात सोलापुरात रविवारी सकाळच्या खेळाला जुने, काळे-पांढरे काउबॉयपट लागत. हे कापड गिरणीत मागावर होते. रात्रपाळी सुटली की यांच्या खात्यातले बरेच जण केसांत कापसाचे तंतू घेऊन थेट थिएटरात येत. लग्नानंतर हे मलाही नेऊ लागले. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. मला वाटलं, भाषांतरासाठी नेतात. म्हणून शेरीफ काय म्हणाला ते मी यांच्या कानात सांगे. हे मान हलवत. शेरीफ मेला हे सांगितल्यावरही तशीच समाधानानं हलवली, तेव्हा मी थांबले.

तेवढ्यात पडद्यावर वाळवंट आलं. खुर्च्यांवर पांढरा उजेड पडला आणि ओळीओळींतून हात वर झाले. मागांच्या खडखडाटात ही माणसं हातांनीच बोलत. ती सवय इथंही आली होती. पुढच्या ओळीतल्या एकानं वळून बोटं हलवली. यांनी उत्तर दिलं.

“काय म्हणाले ते?” मी विचारलं. ते यांना ऐकू गेलं नाही, पुढच्याला गेलं.

“वैनी, म्या इचारलं, पिक्चर कळतोय का तुमास्नी. तर ह्यो म्हनतो, तिला कळतोय, म्हनून तिला मजा येत न्हाय.”

पडद्यावर रात्र झाली की हात दिसत नसत आणि सगळ्यांचं बोलणं अर्धवट राही. रात्र लांबली की कुणीतरी मागून ओरडे, “अरे, उजाडू द्या की!”

घरी येताना यांनी सांगितलं. एक कान मागानं नेला होता, दुसराही जाणार होता. हिंदी पिक्चरला लोक हसून झाल्यावर हे हसत, म्हणून तिकडे जाणं सोडलं होतं. इथं संवाद कुणालाच कळत नव्हते. घोड्यावरून माणूस पडला की सगळे एकदम हसत, हेही.

“मग पुढं आपण दोघांनी बोलायचं कसं?” मी विचारलं.

“अजून वेळ आहे की,” हे म्हणाले.

पुढच्या रविवारपासून मी भाषांतर बंद केलं आणि हात शिकायला लागले. धागा तुटला, मुकादम आला, चहा, हे सगळं लवकर आलं. पण गिरणीच्या खुणांत रागावलात का असं विचारायची सोय नव्हती. ती आम्ही पडद्यावरून घेतली: नसलेली टोपी डोळ्यांवर ओढायची. माफीसाठी तीच टोपी बोटानं वर करायची. ती खूण हे क्वचित वापरत.

दुसरा कानही गेला. तोपर्यंत आम्ही सगळ्या विषयांवर भांडू शकत होतो. वीज गेली की भांडण थांबे. मग मी मेणबत्ती लावून ते पूर्ण करत असे.

आता घरात मी, मुलगा आणि सून आहोत. सगळ्यांना ऐकू येतं. मी तोंडानं बोलते.