वाकड्या तोंडाची शिकवणी

आमचे हे पहिल्यापासून हट्टी. नाव आत्माराम, पण त्या आत्म्याला आराम असलेला मी तरी कधी पाहिला नाही. हवाई दलात विमानांची देखभाल करण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर साताऱ्याला परतायचं सोडून तिकडे उत्तरेतच, अलीगंजात घर घेतलं आणि बाहेरच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी काढली. आवाज असा खणखणीत, की सब्जीवाला आमच्या फाटकापाशी गाडा लावायचा नाही.

दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालू लागले, तोंड वाकडं झालं. समजायचं सगळं, पण शब्द जिभेवर येईनात. चहा मागायला जायचे आणि तोंडातून 'पंखा' निघायचं. मग स्वतःवरच चिडायचे. मला ते बघवत नसे.

शिकवणी बंदच पडली होती. होळी झाल्यावर उत्कर्षाची आई श्रुती आली. उत्कर्षा यांची जुनी विद्यार्थिनी. घर मराठी, पण पोरगी उत्तरं हिंदीतच देणार. श्रुती अवघडून म्हणाली, "विनीताताई, परीक्षा जवळ आलीय. दुसरीकडे क्लास लावावा म्हणते. बाकीच्या मुलांच्या घरीही तेच चाललंय."

मी "लाव" म्हणणारच होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "नाही!" हे भिंतीला धरून दारापर्यंत आले. कपाळाला घाम. बराच वेळ झगडून एक शब्द काढला, "उद्या."

मुलं गेली असती तर हा माणूस पुन्हा अंथरुणाला खिळला असता. श्रुतीला ते कळलं असावं. म्हणाली, "बरं, उद्या सगळ्यांना पाठवते. मग बघू."

दुसऱ्या दिवशी यांनी डाव्या हातानं फळ्यावर लिहिलं, 'टेक ऑफ'. विमानवाल्याला दुसरं काय सुचणार! मग डोक्यावरची टोपी काढली आणि मुलांकडे पाहिलं.

"उतारना!" मुलं ओरडली. पण तेवढ्यानं सुटका नव्हती. इंग्रजीत पूर्ण वाक्य येईपर्यंत हे टोपी हातात धरून उभे. नंतर तोच हात टेबलावरून सरकत वर गेला. विमान उडालं. कॅलेंडरातल्या रविवारावर बोट ठेवून खुर्चीत रेलले, तेव्हा "छुट्टी!" असा गलका झाला. खिडकीतून समोरचं मोमोचं दुकान दाखवलं. वर्षभर तिथला दुकानदार माशा मारत होता, आता रांग लागते. "दुकान चल निकली, सर!" शब्द मुलांचे, शिकवणारे हे.

मग त्यांनी उत्कर्षाकडे बोट केलं आणि स्वतःकडे. मुलं एकमेकांकडे बघू लागली. सरांची पाठ वळली की उत्कर्षा त्यांची हुबेहूब नक्कल करते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. यांनाही ठाऊक होतं, हे मात्र आजच कळलं. इंग्रजीत नक्कल करण्यालाही 'टेक ऑफ'च म्हणतात!

ती घाबरत उठली. छाती काढून चालली आणि गरजली, "गुड मॉर्निंग, जेंटलमेन!" किती दिवसांनी तो आवाज ऐकला! मला भरून आलं.

यांनी मान हलवली. "नाही." उठले, पाय ओढत खिडकीपर्यंत गेले, वाकड्या तोंडानं वळले. छातीवर बोट ठेवून म्हणाले, "हा."

"नहीं सर, मुझसे नहीं होगा," उत्कर्षा रडू लागली.

"कर."

तिनं केलं. पाय ओढला, हात लोंबता सोडला, ओठ वाकडा केला. गालांवरून पाणी वाहत होतं. यांनी बारकाईनं पाहिलं, जवळ गेले आणि तिचा उजवा खांदा आणखी थोडा खाली दाबला. आता बरोबर जमलं. मग हेच आधी हसले, अर्ध्या तोंडानं, आणि मागून सगळी खोली.

"आय टेक ऑफ यू, सर," ती नाक पुसत म्हणाली. चूक. यांनी फळ्यावर टकटक केलं. पुन्हा चूक, पुन्हा टकटक. "आय टुक यू ऑफ, सर!" म्हटल्यावरच तिला बसू दिलं.

श्रुती दारात केव्हाची उभी होती. ती काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "क्लास चालू आहे. उद्या वेळेवर पाठव."