आईने न धरलेली मूठ

आईला दिवसा सांभाळणाऱ्या केंद्रात ठेवायला लागले, तेव्हा धुळ्याहून मावशीचा फोन आला. "टाकी दिनी का मायले आश्रममा?" मी फणकाऱ्यानं सांगितलं, सकाळी ऑफिसला जाताना सोडते, संध्याकाळी घेऊन येते, रात्री ती माझ्याच शेजारी झोपते, याला आश्रम म्हणत नाहीत. मावशीला पटलं नाही ते नाहीच. भाऊ सुरतला एका खोलीत राहतो, आणि आईला जळगावात लेकीच्या घरी राहावं लागतंय, हेच तिला मुळात खटकत होतं. पण गॅस चालू ठेवून आई दोनदा बाहेर निघून गेली होती. मावशीला काय जातंय फोनवर बोलायला?

केंद्र म्हणजे कॉलनीतला एक साधा बंगला. कुणाचं अर्धं अंग लुळं, कुणाचे हात थरथरणारे, कुणी आईसारखं विसरलेलं. नर्स रक्तदाब बघायची, गोळ्या द्यायची. थोडा व्यायाम, गरम जेवण, दुपारी झोप. केंद्र चालवणाऱ्या ताई म्हणायच्या, हाताला ओळखीचं काम दिलं की माणूस शांत राहतो. म्हणून बायकांपुढे गहू निवडायला ठेवलेले असत. आईचा आरडाओरडा आठवडाभरात थांबला, एवढं मी मावशीलाही ऐकवलं.

मला मात्र एकच गोष्ट खात होती. आई मला ओळखेनाशी झाली होती. घ्यायला गेले की अदबीनं विचारायची, "बाई, तुम्ही कोन शेतस?" पोटच्या पोरीला 'तुम्ही' म्हणणारी आई कशी वाटते, ते ज्याचं त्यालाच कळतं.

निवडलेल्या गव्हाचं ती पुढे काय करते, हे मी एका संध्याकाळी पाहिलं. परात मांडीशी घेऊन ती एकेकाकडे नीट बघत होती आणि प्रत्येकाच्या नावानं एक मूठ परातीत टाकत होती. मी लगेच ओळखलं. श्रावणात आमच्या घरी कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या माणसागणिक असेच मुठीनं गहू घेतात. इथे भर वैशाख होता, पण आईच्या लेखी कानबाई दारात आली होती आणि ती बठ्ठी, सगळीच्या सगळी, तिच्या घरची माणसं होती. एक म्हातारे टेलर चाचा होते, तेही मोठ्यानं म्हणायचे, "बहन, हमारी मूठ मत भूलना!" आई हसून त्यांचीही टाकायची, आणि दाराशी उभ्या माझीही. मलाही हसू यायचं.

मग एके दिवशी तिनं असोद्याहून येणाऱ्या आबांची मूठ घेतली नाही. हात गव्हात गेला, ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मोकळा हात तसाच बाहेर काढून पुढच्याकडे वळली. ताईंनी आठवण करून दिली, तर तिला ऐकूच आलं नाही. त्या आठवड्यात आबा झोपेतच गेले. वय झालं होतं, कुणी काही म्हटलं नाही. पुढे एका अक्कांपाशी हात असाच मोकळा आला. अक्का तेव्हा चांगल्या गप्पा मारत होत्या. दोन दिवसांनी त्यांची रिकामी खुर्ची भिंतीकडे सरकवलेली दिसली.

त्यानंतर संध्याकाळी त्या हॉलमध्ये कूलरच्या घरघरीशिवाय आवाज नसायचा. आईनं परात ओढली की जो तो सावरून बसायचा. ज्यांना पोरांची नावं आठवत नव्हती, त्यांना हे मात्र बरोबर आठवायचं. मूठ पडली की श्वास सुटलेला ऐकू यायचा. चाचांची चेष्टाही बंद झाली, नुसते बघत राहायचे. ताईंनी एकदा गहू लपवून ठेवले, तर आई रिकाम्या परातीत मुठी टाकत बसली. ते जास्त भयंकर होतं, म्हणून गहू परत आले.

आणि एक दिवस मी दाराशी चप्पल काढत असताना आईनं माझ्याकडे पाहिलं. हात गव्हात घातला. मोकळा बाहेर काढला.

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. अंधश्रद्धा वगैरे मी दुसऱ्यांना सांगत फिरते, पण तेव्हा एका पायातली चप्पल न काढताच आत धावले, खोटं कशाला बोलू? मी तिच्यापुढे बसले, तिचं मनगट धरलं, माझी मागितली. "माय, मनी मूठ?"

ती चिडली. "येडी व्हयनी का? आंडेरनी मूठ कोनी धरस का? तुनी तठे, तुना सासरमा."

आंडेर म्हणजे लेक. लग्न होऊन गेलेली लेक आमच्याकडे रोटात धरत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि भीतीपायी मी साफ विसरले होते. तिनं मला ओळखलं होतं! कितीतरी महिन्यांनी ती मला 'तू' म्हणाली होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून हसत होते आणि ताईंना वाटलं मला काही झालं. आबांचं आणि अक्कांचं काय होतं, ते मला आजही कळलेलं नाही. तेव्हा तर विचारावंसंही वाटलं नाही.

पुढचे काही दिवस मी रोज लवकर पोचायचे. दाराशी उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, नको धरू, आई, नको धरू. ती बघायची, हात मोकळा यायचा, आणि मी सुखानं तिला घरी न्यायचे.

परवा तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मूठ भरली आणि परातीत टाकली, वर अदबीनं म्हणाली, "बसा ना बाई, उभ्या का?"

हॉलभर सुस्कारा सुटला. नर्सनं माझा खांदा दाबला. चाचा तर कितीतरी दिवसांनी मोठ्यानं बोलले, "बच गई बेटी! मुबारक हो!" सगळे माझ्याकडे बघून हसत होते, म्हणून मीही हसले, आणि चपला घालायच्या निमित्तानं खाली वाकले.