टिंचर लावलेला गळा

वैशाखात मुकुटबनातली माणसं अंगणात खाटा टाकून उघड्या अंगानं निजायची, आणि उकंडाची बायको कौसल्या घरात गोधडी पांघरून बसायची. लोकांनी म्हणायचं तेच म्हटलं. आळशी आहे, ढोंगी आहे. वय उणंपुरं तीस आणि चालणं म्हातारीचं. तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, केस फणीबरोबर हातात यायचे. जात्यावर बसली की दोन मुठी दळून तिथंच पेंगायची. गळ्यावर एक गाठ वाढली होती. गाठीला काही ढोंग म्हणता येत नव्हतं, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नसे.

उकंडाचा बायकोवर जीव होता, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून त्याचा भलताच राग येईल. छप्पन साली तो नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून नदीत सोडून आला. भगत, अंगारा, उतारा, सगळं बंद. पुढं मुलगी झाली, तिचं नाव सुजाता ठेवलं. गावचा भगत म्हणाला, बघू हे किती दिवस टिकतं. तेव्हापासून उकंडाच्या घरात कुणाला साधा ताप आला तरी त्याला वाटायचं, भगत दाराशी कान लावून बसलाय.

मग गाठीवर इलाज काय? उकंडा हंगामात कापसाच्या जिनात कामाला जायचा. तिथं कुणाचा हात कापला की टिंचर आयोडीन लावायचे आणि जखम सुकायची. त्यानं एक बाटली विकत आणली. पूर्वी जिथं अंगारा लागला असता, तिथं रोज सकाळी तो स्वतः टिंचर लावू लागला. कातडी पोळायची, सालं निघायची. कौसल्या सोसायची, कारण लावताना तो तिची मान फार हळू धरायचा.

गाठ काही हलेना आणि सुस्ती वाढत चालली, तेव्हा त्यानं तिला यवतमाळला एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती मंदावली असावी. रक्त मुंबईला पाठवून तपासता येतं, ग्रंथी मंद असली तर आकडा कमी येतो. रक्त गेलं. कौसल्या त्या आकड्याची अशी वाट पाहू लागली की जणू कुणी कोर्टात तिच्या बाजूनं साक्ष देणार होतं. आकडा कमी आला तर ती खरी ठरणार होती. आला तो जास्त, चांगलाच जास्त. डॉक्टरही चक्रावले. ग्रंथी मंद असती तर असं आलं नसतं, अशक्तपणा असेल, टॉनिक द्या म्हणाले. मग मला एवढं हिव कशानं वाजतं, असं तिनं विचारलं, तोवर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

"रक्त कायले खोटं बोलन?" उकंडा घरी येऊन म्हणाला. आणि गाव तिच्याकडं जसं पाहायचं, तसं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

ते तिला फार लागलं. भगताकडं जायची सोय उरली नव्हती, डॉक्टरनं हात झटकले होते, आणि हे जड झालेलं अंग काही कुठं टाकून जाता येत नव्हतं. उकंडाची विधवा बहीण धुरपताबाई त्यांच्याकडेच राहायची. तिनं तोडगा काढला. हिला केळापूरला माहेरी नेऊन सोड, सुजाता माझ्याजवळ राहील. कौसल्या भांडली नाही. एकदा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, तिथंही काही नाही म्हणाले तर मी आपण होऊन केळापूरला जाते, असं तिनं कबूल केलं. लेकच पणाला लावली.

निघायच्या दिवशी उकंडानं टिंचर जरा जास्तच लावलं. मोठ्या डॉक्टरसमोर आपली हयगय दिसायला नको.

नागपूरला डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला आणि तो तपकिरी डाग कशाचा, असं विचारलं. उकंडानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. रोज लावता? रोज. यवतमाळला रक्त दिलं तेव्हाही? तेव्हाही. बाईंनी त्याला बसायला सांगितलं. त्या तपासणीत ग्रंथीचं काम रक्तातल्या आयोडीनवरून मोजतात, आणि टिंचरमधलं आयोडीन कातडीतून रक्तात उतरतं, हे त्यांनी सावकाश समजावलं.

"मुंबईला तुमच्या बायकोची ग्रंथी मोजलीच गेली नाही," बाई म्हणाल्या. "तुमची बाटली मोजली गेली."

लक्षणं सगळी मंद ग्रंथीचीच दिसतात, असंही त्या म्हणाल्या. पण त्यावरच्या गोळ्या काळजाला जड पडतात, अंदाजानं देणार नाही. टिंचर बंद करा, रक्त निवळायला काही महिने जातील, मग परत या. कौसल्या तिथंच रडू लागली. आपण आजारी आहोत हे ऐकून इतकं सुख झालेली बाई त्या दवाखान्यात बहुधा आली नसेल.

पांढरकवड्याला बस बदलायची होती. तिथं स्टँडवर उकंडानं तोंड उघडलं. "टिंचरचं गावात सांगू नको. भगत म्हणन, देव बुडवले अन् बायकोले इख लावलं."

भगत तसंच म्हणणार होता, हे तिलाही ठाऊक होतं. हसू एकट्या उकंडाचं झालं नसतं, दीक्षा घेतलेल्या सगळ्या घरांचं झालं असतं.

"नाई सांगत," ती म्हणाली. "पन मी आजारी हाये, हे तुमी सांगा. तुमच्या तोंडानं."

त्यानं मान डोलावली.

घरी पोचल्यावर धुरपताबाईनं दारातच विचारलं, काय निघालं? उकंडा लोटाभर पाणी प्यायला. कौसल्या त्याच्या तोंडाकडं पाहत उभी राहिली. आजार आहे म्हटलं तर मग पहिल्या रक्तात काहून नाही दिसला, असं धुरपताबाई विचारणार, आणि एकेक धागा ओढत टिंचरपर्यंत पोचणार. देव नदीत सोडताना ज्याचा हात अडला नाही, तो पुरुष बहिणीपुढं गारठला.

"काही समजलं नाही म्हणते. पुन्हा पाह्यतीन रक्त," तो म्हणाला. "केळापूरचं राहू दे सध्या."

आणि बाहेर निघून गेला. म्हणजे धड काहीच नाही, असं म्हणून धुरपताबाईनं ज्वारीचं सूप जात्यापाशी सरकवलं. सुजाता धावत आली, तिला कौसल्येनं पोटाशी धरलं. लेक तेवढी हातची गेली नव्हती. टिंचरचं सांगून टाकावं असं तिला वाटलं, पण स्टँडवर दिलेला शब्द तिनं पाळला आणि जात्याचा खुंटा धरला. तिचं दुखणं खरं आहे हे जाणणारी आता त्या घरात दोन माणसं होती, आणि दोघंही गप्प होती.