बाबांनी अर्ध्यात सोडलेली गोष्ट

लोणारचं तळं पाहायला येणारे लोक पूर्वी वरच्या कडेवरूनच फोटो काढायचे, वेफरची पाकिटं तिथंच टाकायचे आणि गाडीत बसून निघून जायचे. मग आम्ही कॉलेजात जाणाऱ्या काही मुलामुलींनी ठरवलं, एका वेळी पाच-सहाच माणसं खाली तळ्यापर्यंत न्यायची, सोबत गावातला माणूस हवा, कचरा परत वर आणायचा, जेवण गावातल्याच घरी. येणाऱ्याला गाव कळेल, गावाला काम मिळेल, असं मीच सगळ्यांना सांगत फिरले. वाट दाखवायला बाबांना आणलं.

बाबा शाळेत न गेलेले, लोकांच्या शेतात सोयाबीन सोंगायला, कापणीला जाणारे. घरी फारसं बोलत नसत. उतरणीला लागले की मात्र थांबत नसत. कुठल्या झऱ्याचं पाणी गोड, मोर कुठं निजतात, तळ्याखाली गाडलेल्या राक्षसाची गोष्ट. शहरातली माणसं विचारायची, "काका, पुढं काय झालं?" बाबांना कुणी असं काही विचारलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

एकदा पुण्याची मंडळी होती. बाबांची राक्षसाची गोष्ट रंगात आली होती. मला बहुधा लाज वाटली. कॉलेजातल्या मराठीत मी मध्येच म्हणाले, "तसं काही नाही हं. उल्का पडून हे तळं झालंय."

बाबा हसले. "हाव, मायी पोरगी कॉलेजात शिकून राह्यली. थे सांगते थेच खरं."

काठावर ते नेहमी तळ्याच्या पाण्यात हळद टाकून ती लाल होताना दाखवत. त्या दिवशी हळदीची पुडी त्यांनी माझ्या हातात दिली. "तू सांग."

परतताना एका बाईंनी बाबांना एका वेलीचं नाव विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते माहीत नव्हतं.

त्यानंतर बाबा लोकांबरोबर खाली तळ्यावर आले नाहीत. काकांची गोष्ट पुरी ऐकायला पुन्हा येऊ, असा त्या बाईंचा निरोप आला. मी तो वाचून दाखवला, माफीही मागितली.

"माफी काऊन मागतं? खोटं थोडीच बोलली तू," म्हणाले आणि विळ्याला धार लावायला बसले.

आता लोकांना मीच नेते. परवा कुणीतरी पाण्यावरच्या एका पाखराचं नाव विचारलं. घरी आल्यावर मी बाबांना विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुस्तकात नसते काय थे?"

तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.